नॉर्वेच्या दक्षिण टोकावरचा दिवा

नॉर्वे देशाच्या मुख्य भूमीचे अगदी दक्षिणेकडचे टोक म्हणजे लिंडेसनेस. एका बाजूला उत्तर समुद्र, दुसऱ्या बाजूला स्कॅगेराकचे पाणी, आणि मध्ये घुसलेला उघडा कातळ. उत्तर समुद्रातून मांदाल, क्रिस्तियानसांद या बंदरांकडे जाणाऱ्या गलबतांना या टोकाला वळसा घालावाच लागे. खलाशांना त्याची धास्ती इतकी, की हे टोक टाळून बोटी पलीकडे नेण्यासाठी जवळच्या स्पांगेराइडच्या चिंचोळ्या पट्टीत जुन्या काळी कालवा खणलेला होता. तिथेच २००७ साली नवा कालवा खुला झाला.

नॉर्वेतले पहिले दीपगृह याच टोकावर १६५६ साली उभे राहिले. तेव्हा नॉर्वेवर डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती. पोव्हेल हान्सन नावाच्या माणसाला दिवा चालवण्याची परवानगी मिळाली, आणि त्यापोटी जहाजांकडून कर घेण्याचा हक्कही. आमच्यासारख्या कारकुनी करणाऱ्या माणसाला प्रश्न पडतो, की कर देणाऱ्याच्या पदरात काय पडले? लाकडी मनोऱ्यात शिशाच्या चौकटींच्या काचांमागे चरबीच्या तीस बत्त्या लावलेल्या! घरात कंदील उजळ वाटतो, पण वादळी रात्री भर समुद्रातून तो काय दिसणार? खलाशांच्या तक्रारी आल्या आणि त्याच वर्षी दिवा विझला. पुढची ६९ वर्षे तिथे अंधारच होता.

१७२५ साली पुन्हा सुरुवात झाली ती कोळशाच्या उघड्या आगीने. या वेळी आगी दोन होत्या. एक लिंडेसनेसला, दुसरी जवळच्या मार्कोय येथे. कारण असे, की समुद्रापलीकडे डेन्मार्कच्या स्कागेन येथेही दिवा होता. एकच आग दिसली तर कप्तानाला कळायचे कसे, की समोर डेन्मार्क आहे की नॉर्वे? उजेड दिसूनही तो कुणाचा हे कळले नाही, तर जहाज थेट खडकावर जायचे. म्हणून दोन आगी दिसल्या की लिंडेसनेस, अशी खूण ठरली. विचार साधा, पण त्यावर माणसांचे जीव अवलंबून होते.

उघड्या आगीचा त्रास मात्र राबणाऱ्यालाच. कोळसा कातळावर वर चढवायचा, रात्रभर निखारे ढवळायचे, पावसात विझू द्यायचे नाहीत, आणि वारा सुटला की कोळसा भसाभस जळून जायचा. १८२२ साली आग काचेच्या कंदिलाआड आली. तो जुना दगडी बुरूज आजही तिथे आहे.

१८५४ साली खरा बदल झाला. ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेले भिंग बसवले गेले. काचेच्या अनेक कड्या अशा रचलेल्या असतात, की दिव्याचा चहूकडे पांगणारा उजेड वळून एका दिशेने जातो. तेल थोडे, उजेड लांबवर! आजचा ओतीव लोखंडाचा मनोरा १९१५ चा. उंची सुमारे १६ मीटर, पण कातळामुळे दिवा समुद्रापासून जवळपास ५० मीटरवर. भिंग तेच जुने, १८५४ चे, नव्या मनोऱ्यात हलवलेले.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने या टोकावर तोफा बसवल्या, कातळात बोगदे खोदले. ते अजून पाहायला मिळतात.

२००३ साली दिवा आपोआप चालू लागला आणि शेवटचा दिवेकरी निघून गेला. यंत्र झोपत नाही, पगार मागत नाही, हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या इथे रात्र जागवून काढणाऱ्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? आता तिथे संग्रहालय आहे. पाटीवर देशाच्या दुसऱ्या टोकाचे, नॉर्डकापचे अंतर लिहिले आहे, २५१८ किलोमीटर. पर्यटक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. दिवा रोज रात्री लागतो.