खाकी कव्हरातलं पुस्तक

आमच्या चुलत-आते भावंडांपैकी कोणीही त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहिलेलं नाही. आमच्या जन्माआधीच ते गेलेलं होतं. वर जाड खाकी कागदाचं कव्हर आणि त्यावर आजीच्या अक्षरात नुसतं ‘भरतकाम’. पुस्तकाचं नाव, लेखिका, प्रकाशक, काहीच कोणाला ठाऊक नाही. वाडा पडला, सामान तीन बिऱ्हाडांत वाटलं गेलं. पितळी डबे कोणाकडे गेले, पाट कोणाकडे गेले, हे आजही सगळ्यांना तोंडपाठ आहे. पुस्तक कोणाकडे गेलं, ते मात्र कोणीच सांगू शकत नाही.

आणि दर गणपतीत आरती झाल्यावर विषय निघतो तो त्याच पुस्तकाचा. थोरल्या ताईला त्यातली द्राक्षांची वेल आठवते, कारण तिच्या पहिल्या पोलक्याच्या बाह्यांवर ती होती. नाशिकच्या बहिणीला टोपलीतली फुलं आठवतात. चुलतभावाला शेवटचा घडीचा तक्ता आठवतो, कारण तो उघडण्यावरून त्याने मार खाल्ला होता. मला आठवतो मोर, पानभर पिसारा फुलवलेला.

दुपारची जेवणं आटोपली, ओटा धुऊन झाला, की रेडिओवर ‘वनिता मंडळ’ आणि माजघरात चटईवर आजी, दोन्ही आत्या, काकू. मधे ते पुस्तक. नक्षी उतरवण्याचा दिवस असला की आम्हा मुलांनाही बोलावणं असायचं. नक्षीवर बटरपेपर ठेवून आत्या पेन्सिलीने ती गिरवून घ्यायची. मग तो कागद उशीवर पसरून रेघेरेघेवर सुईने टोचायचा. हे काम आमचं. भोकं जवळजवळ हवीत, पण एकमेकांत मिसळता कामा नयेत, नाहीतर कागद रेघेवरच फाटायचा. टोचून झालं की तो कापडावर टाचण्यांनी पक्का बसवायचा, वाटीत थोडं रॉकेल घेऊन त्यात चिमूटभर नीळ कालवायची आणि कापसाचा बोळा जेमतेम ओला करून कागदावरून फिरवायचा. बोळ्याचं काम फक्त आजीचं. तो जरा जास्त भिजला की निळा डाग पसरायचा आणि सगळं कापड बाद. कागद उचलला की पांढऱ्या पॉपलीनवर निळ्या ठिपक्यांची वेल उमटलेली असायची. रॉकेल उडून जायचं, ठिपके राहायचे, आणि टाके घालून झाल्यावर धुण्यात तेही जायचे. त्या पुस्तकाला कायम रॉकेलचा वास असायचा. तो वास आम्हा सगळ्यांना सारखाच आठवतो. एकमत आहे ते तेवढ्या एकाच बाबतीत.

पुस्तकात नक्ष्या होत्या त्या ट्रे-क्लॉथसाठी, टिकोजीसाठी, जेवणाच्या टेबलावरच्या रुमालांसाठी. आमच्याकडे जेवणाचं टेबलच नव्हतं. टिकोजीवरची फुलं बाळंतविड्याच्या दुपट्यावर गेली, ट्रे-क्लॉथची किनार चौरंगावरच्या वस्त्राला लागली, आणि धाकट्या आत्याच्या रुखवतात तर अर्धं पुस्तक मांडलेलं होतं. छापलेल्या सूचना एका घरासाठी होत्या आणि आमच्या बायकांनी त्या दुसऱ्याच घरात बेमालूम बसवल्या. मला त्यांच्या हुशारीचं फार मोल वाटतं. शाळा चौथी-सातवीत सुटलेल्या या बायका नक्षी लहान-मोठी करताना चौकटी आखून प्रमाण काढायच्या, सहापदरी दोऱ्याचे कुठे दोन पदर घ्यायचे आणि कुठे तीन, ते नजरेनं ठरवायच्या. त्याला भूमिती कोणी म्हटलं नाही.

शोधाला खरी सुरुवात झाली ती थोरल्या आत्याच्या शिवणाच्या डब्यात एक सुटं पान सापडलं तेव्हा. एका बाजूला देठाचा टाका कसा घालायचा त्याची कृती, दुसऱ्या बाजूला ‘आमची इतर पुस्तके’ अशी यादी. प्रकाशकाचं नाव जिथे असायला हवं, तो खालचा भाग नेमका फाटलेला. पण पान बोलकं होतं. यादीतल्या किमती ‘न. पै.’मध्ये होत्या. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ला आणि १ जून १९६४पासून त्यातलं ‘नवे’ गेलं, म्हणजे पुस्तक या सात वर्षांतलं. कृतीमध्ये ‘सुईंत’, ‘कापडांत’ असे अनुस्वार होते. हे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकले. कापडाचं माप वारात दिलेलं, आणि वार जाऊन मीटर आला तोही त्याच सुमारास. म्हणजे १९५७ ते १९६२च्या आगेमागे कधीतरी.

एवढं कळूनही पुस्तक हाती लागेना. शंकर गणेश दाते यांनी केवढ्या कष्टाने केलेली मराठी ग्रंथसूची आहे, पण तिचा दुसरा खंड १९५०ला संपतो. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि आणखी तीन ग्रंथालयांत जायला हवी, पण नाव नसलेलं पुस्तक मागायचं कसं? मग आम्ही वाटून घेतलं. ताई ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेली, भाऊ दादरच्या, मी पुण्यात नगर वाचन मंदिरात आणि रविवारी जुन्या बाजारात. ग्रंथालयाच्या वर्गीकरणात भरतकामाचं पुस्तक कधी ७४६ या क्रमांकाखाली, म्हणजे कलांमध्ये असतं, तर कधी ६४६खाली, शिवणकामाबरोबर गृहशास्त्रात, त्यामुळे दोन्ही कपाटं पाहावी लागतात. ती पाहताना लक्षात येतं की या विषयाची जुनी पुस्तकं उरलीच आहेत किती थोडी! कादंबरी वाचून परत येते. नक्ष्यांच्या पुस्तकातली पानं गिरवून, टोचून, कापून संपतात. त्या पुस्तकांचं चीज झालं, आणि त्यातच ती गेली.

शेवटी प्रत मिळाली ती कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, बंद झालेल्या शिवणवर्गाच्या कपाटात. तिथल्या निवृत्त बाईंनी पुस्तक समोर ठेवलं तेव्हा त्यालाही मुखपृष्ठ नव्हतं आणि पहिली चार पानंही नव्हती. मी पिशवीतून आमचं सुटं पान काढून त्यातल्या पानाशेजारी ठेवलं. ‘देठाचा’ या शब्दातल्या ‘ठ’चा खिळा छापताना तुटलेला होता, त्याची डावी बाजू दोन्ही पानांवर सारखीच अर्धवट उठलेली. ओळी त्याच, ठसे तेच. बाई म्हणाल्या, “घेऊन जा, सावकाश परत करा. इथे आता शिकायला कोण येतंय!”

थोरली आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने चष्मा पुसून एकेक पान पाहिलं. द्राक्षांची वेल होती, टोपली होती. मोरही होता, पण तो बोटभर उंचीचा, मिटलेल्या पिसाऱ्याचा. मी म्हटलं, “आत्या, हा आपला मोर नाही.”

“अगं, हाच तो. पिसारा त्याला मी काढला. पुस्तकातला फार किडकिडीत होता.”

मग तिने काय काय सांगितलं! द्राक्षांची पानं काकूची, पुस्तकातली वेल तिला बोडकी वाटायची. टोपलीतली शेवंती आजीने घातलेली. आम्ही सगळे इतकी वर्षं ज्या पानांवरून वाद घालत होतो त्यातली बरीचशी छापलेलीच नव्हती. ती बटरपेपरवर होती, आणि ते कागद नीळ लागून लागून विरले. आत्याने त्याच दुपारी पेन्सिल मागून घेतली. हात थरथरतो, पण पिसाऱ्यातले डोळे कुठून सुरू करायचे ते तिला अचूक माहीत आहे.

आता पुस्तकातली पानं आणि आत्याची नवी रेखाटनं, दोन्हींचे फोटो घेऊन आम्ही सर्वांना वाटले आहेत. भाचीने पहिला मोर मॅटीवर न भरता साध्या सुती ओढणीवर भरायला घेतला आहे आणि रोज फोन करून आत्याला दोऱ्याचा रंग विचारते. कोकणातल्या प्रतीत घडीचा तक्ता मात्र नाही, टाचणीच्या गंजक्या खुणा तेवढ्या आहेत. माळ्यावर, ट्रंकेत, आईच्या शिवणाच्या मशीनच्या खणात कोणाला तसला घड्या घातलेला, निळे डाग पडलेला कागद सापडला, कोपऱ्यात हंसांची जोडी असलेला, तर तो टाकू नका. आम्हाला तो हवा आहे, आणि त्या पुस्तकाचं नावही.