पुठ्ठ्याचं घर कुठल्या गावचं?

ब्रिटनमधल्या मॉडेल रेल्वेच्या शौकिनांना इंजिनाचा नंबर चुकलेला चालत नाही. डब्यांचा रंग कोणत्या सालचा, यावरही ते हिरिरीने वाद घालतात. आणि त्याच गाडीशेजारी, यॉर्कशरच्या डोंगरात, लंडनच्या पिवळट विटांची घरं खुशाल उभी करतात! पुठ्ठ्याचं किट घेताना खोक्यावरचं चित्र आवडलं की काम झालं.

या देशात भिंत पाहून मुलूख ओळखता येतो. कॉट्सवोल्डमध्ये पिवळसर चुनखडक, कॉर्नवॉलमध्ये ग्रॅनाइट, नॉरफोकमध्ये गारगोट्यांच्या भिंतींवर नागमोडी लाल कौलं, लँकेशरात ॲक्रिंग्टनची टणक लालभडक वीट. आपल्याकडे कोकणात जांभा नि देशावर काळा दगड, त्यातलाच प्रकार. छपराची गोष्ट मात्र वेगळी. रेल्वेने वेल्सची स्लेट दूरदूर पोचवली, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामगारवस्तीवर राखाडी छप्पर बहुतेक ठिकाणी खपून जातं. भिंतीला ती सवलत नाही.

स्टेशनाचं गणित आणखी निराळं, कारण तिथे मुलखाबरोबर कंपनीचीही मर्जी चालते. सेटल ते कार्लाइल हा मिडलंड रेल्वेचा मार्ग 1876 मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. स्टेशनांचे आराखडे कंपनीचे वास्तुकार जॉन हॉलोवे सँडर्स यांचे: उंच त्रिकोणी दर्शनी भिंती, छपराच्या कडेला नक्षीदार लाकडी पट्ट्या. लहान, मध्यम, मोठं असे साचे ठरलेले. दगड मात्र जवळपासचा. सेटलकडे तो करडा. गाडी ईडन नदीच्या खोऱ्यात उतरली की लॅझन्बी, आर्माथ्वेटला तांबडा वालुकाश्म. तेव्हा या मार्गाचं किट आणलं तरी स्टेशन कोणतं, हे आधी ठरवावं लागतं.

मेटकाफ ही किट बनवणारी कंपनी स्किप्टनजवळच्या बेल बस्कची, म्हणजे त्याच परिसरातली. तिची बरीच घरं विटांची आणि दगडी अशा दोन्ही रूपांत मिळतात. स्केलसीन्स या दुसऱ्या कंपनीच्या किटची मात्र फाइल विकत घेऊन घरी छापायची, पुठ्ठ्यावर चिकटवायची. अनेक किटांत विटेचा रंगही निवडता येतो. चोखंदळ माणसाला हाच मार्ग मानवतो.

खरी परीक्षा कोपऱ्यावर. कापलेल्या पुठ्ठ्याची पांढरी कड तशीच राहिली, तर दगडी घराचा तिथेच कागद होतो. जुळत्या रंगाची पेन्सिल आडवी धरून कडेवरून फिरवली की ती मुरते. विटेची रचनाही जवळून न्याहाळावी. इंग्लंडच्या उत्तरेत लांब बाजू दिसणाऱ्या विटांचे तीन ते पाच थर आणि मग आखूड तोंडांचा एक थर, अशी बांधणी सर्रास दिसते.

मापातही एक फसगत आहे. ब्रिटिश ओओ मापात एका फुटाला 4 मिलिमीटर, म्हणजे साडेसहा फुटी दार 26 मिलिमीटरचं. युरोपातल्या एचओ मापात तेच दार जेमतेम 23. रूळ दोन्हीकडे 16.5 मिलिमीटर रुंदीचे, म्हणून जर्मन घर चालेलसं वाटतं. मागच्या टेकडीवर ते लांबचं म्हणून खपेलही; फलाटाशेजारी नाही.

राहिले फलक. 1948 मध्ये ब्रिटिश रेल्वे सरकारी झाल्यावर विभागांना रंग मिळाले: लंडन मिडलंडला मरून, वेस्टर्नला चॉकलेटी, सदर्नला हिरवा, नॉर्थ ईस्टर्नला नारिंगी. त्या काळातलं सेटल करायचं, तर फलक मरूनच हवेत.