पाच बोटांच्या उंचीवरून

बेळगावहून जांबोटी आणि कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारा रस्ता आम्हांस नवा नाही. गेली तीस वर्षे देवाच्या, लग्नाच्या किंवा मयताच्या निमित्ताने आम्ही तो ओलांडीत आलो आहोत. 'ओलांडीत' हाच शब्द योग्य, कारण बसच्या खिडकीला डोके टेकले की आम्हांस जाग येई ती थेट साखळीला. मागील नोव्हेंबरात मात्र हा सारा रस्ता आम्ही हाताहाताने मोजला, आणि तोही क्रीडागाडीतून, म्हणजे तरुण मंडळी जिला स्पोर्ट्स कार म्हणतात तिच्यातून.

गाडी भाच्याची. उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करून साठविलेल्या पैशांतून त्याने ती जुनी विकत घेतली. दोन दारे, दोनच आसने, लाल रंग. मूळचीच बुटकी, त्यात आधीच्या मालकाने स्प्रिंगांचे वेढे कापून ती आणखी चार सेंटिमीटर खाली आणलेली. स्प्रिंग कापली की आखूड होते तशी कडकही होते. खड्डा दिसण्याआधी मणक्याला कळतो. गाडीच्या पोटाचा सर्वांत खालचा भाग म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे. गॅरेजवाले त्यास 'चेंबर' म्हणतात. ते जमिनीपासून साडेनऊ सेंटिमीटरांवर, म्हणजे पाच बोटांवर होते. चेंबर फुटला की तेल वाहून जाते आणि मिनिटांत इंजिन जखडते. वाहनात असा मूळ रचनेबाहेरचा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे. तेही आम्ही भाच्याला ऐकविले होते. त्यानंतर तो महिनाभर आमच्याकडे फिरकला नाही.

भाच्याचे वडील गेल्यापासून ताई अडीअडचणीला आमच्याकडेच पाहते. त्याचे लग्न ठरले. कुलदेव नार्व्याचा श्रीसप्तकोटेश्वर. पहिली पत्रिका तिकडे जावयाची आणि मामाने सोबत जावयाचे, असा घरचा रिवाज. निघताना ताईने आम्हांस बाजूला घेतले व म्हणाली, "दादा, वाटेत त्याला समजाव. सून घरी यायच्या आत ही गाडी सरळ व्हायला हवी." आम्ही मान डोलावली. मागे कुंद्याचा डबा, मांडीवर पत्रिकांची पिशवी, आणि आम्ही आसनात बसलो नव्हे, उतरलो. शेजारून जाणाऱ्या ट्रकचे चाक आमच्या डोळ्यांसमोर आले.

पिरनवाडी सुटेपर्यंत कोणी बोलले नाही. पुढे गतिरोधक लागू लागले. भाचा ब्रेक लावून गाडी जवळजवळ थांबवी आणि उंचवटा चढण्याच्या क्षणी पाय सोडी. ब्रेक दाबलेला असताना गाडीचे नाक खाली झुकते, आणि आधीच पाच बोटे असलेली उंची चारावर येते, हे त्याने न विचारता सांगितले. किणयेच्या आसपास एका उंचवट्यावर त्याने गाडी तिरपी घातली. सरळ गेले तर पुढची दोन्ही चाके एकदमच पलीकडे उतरतात आणि पोट उघडे पडते. तिरपे गेले तर एकेक चाक चढते आणि एखादे तरी चाक अंग उचलून धरते. मात्र त्यासाठी सारा रस्ता अडवावा लागतो. समोरच्या ट्रॅक्टरवाल्याने आम्हांस जे सुनावले ते या मासिकात छापण्याजोगे नाही.

"मामा, उतरा की जरा," भाचा म्हणाला. आमचे वजन उतरताच गाडी बोटभर वर आली. वजनाचा असा हिशेब आजवर कोणी आमच्यासमोर मांडला नव्हता. त्यानंतर दर गतिरोधकाला आम्ही उतरून पलीकडे चालत जाऊ, वाकून पोट पाहू आणि हाताने खूण करू. ज्या गावांची नुसती नावे ठाऊक होती, त्यांच्या वेशी अशा पायाखाली आल्या. भातकापणी चालू होती. खळ्यावरच्या एका आजींनी विचारले, "गाडी आजारी आहे काय हो?"

अशा रीतीने आम्ही आमच्याच शाळेसमोर पोहोचलो. शाळा याच रस्त्यावर आहे. फाटकापुढचा गतिरोधक या वाटेवरचा सर्वांत अवघड निघाला. आम्ही उतरलो, भाच्याने तिरपे घेतले, तरीही मधोमध खर्रकन आवाज झाला आणि गाडी तेथेच बसली. ओढून मागे घेतली तेव्हा सायलेन्सरचा आधार तुटलेला दिसला. चेंबरवर ओरखडा होता, पण तेल ठिबकत नव्हते. भाचा गाडीखालून बाहेर आला आणि चिडून म्हणाला, "कुठल्या शहाण्याने बांधला हा?"

तो शहाणा आम्हीच. 2014 साली आम्ही या शाळेत सहशिक्षक असताना तिसरीतील एका मुलाला भरधाव जीपने उडविले. पोर वाचले, पाय मात्र अधू झाला. आम्ही संबंधित कार्यालयाकडे दोन अर्ज केले. उत्तर आले नाही. मग गावकऱ्यांनी खडी आणली, आम्ही वर्गणीत हात सैल केला, आणि एका रात्रीत हा उंचवटा उभा राहिला. जितका उंच तितका चांगला, हीच त्या वेळची सर्वांची समजूत, आमचीही. भाच्याला हे ठाऊक नव्हते. ऐकल्यावर तो रस्त्याकडे पाहत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मग ठीक आहे." गाडीविषयी त्याला समजावण्याची वेळ खरे तर हीच होती, पण आमच्या तोंडून शब्द फुटेना.

शाळेची किल्ली आमच्या जुडग्यात असतेच. डेड स्टॉकमधून बाद झालेल्या बाकांच्या फळ्या मागच्या पडवीत पडल्या होत्या. दोन-दोन फळ्या एकमेकींवर ठोकून भाच्याने पाच सेंटिमीटर जाडीचे चार तुकडे केले. दोन गतिरोधकाच्या अलीकडे, दोन पलीकडे ठेवले. चारही चाके फळ्यांवर आली की पोट साडेचौदा सेंटिमीटरांवर जाते. उंचवटा चौदा सेंटिमीटर. अर्ध्या सेंटिमीटरच्या फटीतून गाडी सुटली तेव्हा आम्ही रस्त्यात उभे राहून टाळी वाजविली, हे मुख्याध्यापकाच्या पदाला शोभण्यासारखे नसले तरी सांगावयास हवे. सायलेन्सर तारेने बांधला, फळ्या आसनामागे कोंबल्या आणि पुढे निघालो.

कुसमळीला मलप्रभेवरून जाताना बुटक्या गाडीतून पाणी दिसेना, कठडाच दिसला. कणकुंबीला चहा घेतला. मलप्रभेचा उगम येथलाच. सागर येथून पश्चिमेला हाकेच्या अंतरावर म्हणावा असा, तरी ही नदी पाठ फिरवून पूर्वेकडे कृष्णेला मिळावयास जाते. पलीकडच्या उतारावरचा पाऊस मात्र म्हादईला मिळून अरबी समुद्रात जातो. एवढ्याशा उंचवट्याने दोन समुद्र वाटून दिले आहेत. हे भूगोलाच्या तासाला आम्ही अनेकदा सांगितले होते. त्या दिवशी उंचवट्यांचा विचार डोक्यात असल्यामुळे ते प्रथमच जाणवले.

चोर्ला घाटात गतिरोधकांपेक्षा पावसाने खाल्लेला रस्ता छळतो. डांबराची कड तुटून झालेल्या पायऱ्यांवर गाडीचे नाक आधी टेकते, चाक मागाहून पोहोचते. तेथेही फळ्या कामी आल्या. 1999 साली अभयारण्य झालेले म्हादईचे रान दोन्ही अंगांना दाटलेले; आम्ही पायी, गाडी मागून हळूहळू. एका वळणावर भाचा आपणहून बोलू लागला. वडिलांनी त्याला लेथ शिकविला तेव्हा अशाच एका गाडीचे चित्र भिंतीवर चिकटवलेले असे. "घेऊ एकदा, असं म्हणायचे," तो म्हणाला. हे ताईलाही माहीत नव्हते. अंजुणे धरणाचे पाणी दिसेपर्यंत आम्ही दोघेही पुन्हा गप्प होतो.

साखळी, डिचोली करीत नार्व्याला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. कदंबांच्या या कुलदैवताचे दिवाडी बेटावरील देऊळ पोर्तुगीज अमदानीत पाडले गेले. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला. अलीकडे पुन्हा डागडुजी होऊन ते 2023 साली खुले झाले. कौलारू, साधे, झाडीत बसलेले. भाच्याने पत्रिका ठेवली, कुंद्याचा नैवेद्य दाखविला. बाहेर आल्यावर आपणहून म्हणाला, "मामा, मूळच्या स्प्रिंगा शोधतो. गाडी मात्र विकणार नाही." आम्ही बरे म्हटले. ताईची अट तेवढीच होती.

परतताना शाळेपाशी अंधार पडला. गाडीच्या दिव्यांत आम्ही पट्टीने पुन्हा नीट मोजले: उंची चौदा सेंटिमीटर, रुंदी अवघी साठ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनेत गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा, असे आहे. ताशी 25 किलोमीटर वेगासाठी तो बेतलेला असतो, आणि चाळीस मीटर आधी सूचनाफलक लागतो. वर्ग उघडून भाच्याने 1 मीटर 70 सेंटिमीटरचा दोरा घेतला, एक टोक आमच्या हाती दिले, दुसऱ्या टोकाला खडू बांधला आणि दहापट लहान करून तो कंस फळ्यावर काढला. 37 सेंटिमीटर लांब आणि मधोमध फक्त एक सेंटिमीटर फुगलेला! आम्ही चष्मा पुसून पाहिला. त्याच्या गाडीच्या दोन चाकांमधील अंतर 2.3 मीटर, एवढ्या अंतरात हा कंस चार सेंटिमीटरसुद्धा वर येत नाही. म्हणजे पाच बोटांची गाडीही त्यावरून सहज जाईल, आणि भरधाव जीपला तर वेग मोडावाच लागेल. आमच्या उंचवट्यावर रात्री फलकावाचून येणारा दुचाकीस्वार कसा आपटत असेल, याचा विचार आम्ही इतक्या वर्षांत केला नव्हता.

त्या आकृतीसह तिसरा अर्ज आम्ही दिला आहे. नवा गतिरोधक होईपर्यंत जुना काढू नये, असेही त्यात लिहिले आहे. भाच्याला हे पटले नाही, गावाला पटले. फळ्या शाळेच्या कार्यालयाबाहेर भिंतीला टेकून उभ्या आहेत. गेल्या आठवड्यात फुलांनी सजविलेली, सहा माणसे कोंबलेली एक वरातीची गाडी फाटकाशी थांबली. नवरदेवाचे काका उतरून आले आणि आम्हांस म्हणाले, "गुरुजी, फळ्या देता काय जरा?"