लेकराच्या पाठीवर चवदार तळं लादू नका

वस्तीतल्या पोरांना महापालिकेच्या तरण तलावावर नेण्याचं काम आम्ही काही वर्षं करतो आहोत. त्यातली एक तेरा वर्षांची मुलगी आता जिल्हा पातळीवर पोहते. तिच्यावरून आपल्यातच वाद सुरू झालाय, म्हणून हे लिहितोय.

पाणी आपल्यासाठी कधी नुसतं पाणी नव्हतं. १९२३ चा बोले ठराव झाला, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तिथे जाऊन ओंजळ भरावी लागली. नंतर १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. हे जुनं झालं म्हणणाऱ्यांनी २०१८ चं वाकडी आठवावं. जळगाव जिल्ह्यात विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजाच्या मुलांना नागवं करून मारलं गेलं.

त्यामुळे आपली मुलगी तलावात सूर मारते तेव्हा ऊर भरून येणारच. पण तिला जयंतीच्या मंचावर उभं करून ‘समाजाचं नाव काढ’ म्हणायचं, चौकात फ्लेक्स लावायचा, याला आमचा विरोध आहे. शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये अर्धा सेकंद कमी करायला महिने जातात. वयात येताना शरीर बदलतं, वेळ तिथेच अडकते, कधी मागेही जाते. तो आळस नव्हे. अशा दिवसांत ती हरली तर सगळा समाज हरला, असं तिला वाटायला लावणारे आपण कोण?

आईबापांची घाई आम्हाला कळते. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. धुणीभांडी करणारी आई पहाटे साडेचारला उठून मुलीला तलावावर सोडते. तिने प्रमाणपत्राची आशा धरली तर तिला बोल लावायची आमची हिंमत नाही. (समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल वगैरे म्हणतात, वस्तीत त्याला ‘ऐपत’ म्हणतात.) ज्यांचे आजोबाही क्लबात पोहले, त्यांची मुलं हरून परत येतात, पुन्हा पोहतात. आपल्याला दुसऱ्या संधीची खात्री नसते, म्हणून आपण पहिल्याच संधीत पोराला पिळून काढतो.

त्यापेक्षा तिची झोप पुरी होते का ते बघा. सरावानंतर हातात केळं, उकडलेलं अंडं किंवा शेंगदाणे-गूळ द्या. खांदा दुखतो म्हणाली तर ‘सहन कर’ म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. पाळीच्या दिवसांत पाण्यात उतरायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. प्रशिक्षक चारचौघांत तिच्या वजनावर बोलला तर जाऊन जाब विचारा. एका प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं होतं. आम्ही म्हणालो, सर, आधी तिची वेळ घ्या. त्याने घेतली, आणि पुन्हा आडनावाचा विषय काढला नाही.

भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेचं उदाहरण दिलं होतं. त्यावर आपण व्याख्यानं भरपूर देतो. घरच्या लेकराच्या बाबतीत मात्र तार ताणतच जातो.

गेल्या महिन्यात तिने पंधरा दिवस सुट्टी मागितली. काही कार्यकर्त्यांना ते पटलं नाही. आम्ही तिच्या बाजूने उभे राहिलो. सध्या ती संध्याकाळी येते, उथळ पाण्यात लहान पोरांना श्वास सोडायला शिकवते. स्पर्धेला उतरायचं की नाही, ते तिने अजून सांगितलेलं नाही. तोवर १४ एप्रिलच्या पत्रिकेत तिचं नाव छापू नये. ज्यांना फ्लेक्सचा खर्च करायचाच आहे, त्यांनी तेवढ्या पैशांत वस्तीतल्या आणखी चार पोरांच्या तलावाच्या फीची पावती फाडावी.

जय भीम!