आधी गोळी, मग रायफल

एनसीसीत गेलेल्या मराठी मुलामुलींच्या हातात पहिली खरी रायफल येते ती बहुधा पॉइंट टू टू, म्हणजे .२२ची. फायरिंगच्या दिवशी पहाटे उठायचे, रेंजवर पोचून ग्राउंडशीटवर पालथे पडायचे आणि उस्तादांचा हुकूम झाला की पाच गोळ्या झाडायच्या. मग कागदाजवळ जाऊन पाच भोकांमधले अंतर मोजायचे. ‘ग्रुप’ हा शब्द तिथेच पहिल्यांदा कानावर पडतो. कुठली रायफल हवी, असे तिथे कुणी विचारत नाही. जी वाट्याला येईल ती घ्यायची. तरी दोनतीनदा फायरिंग केलेली कॅडेट हळूच रांगेतली जागा बदलू लागते. त्या रॅकमधल्या एका रायफलीचा नंबर तिला पाठ झालेला असतो. त्या रायफलीने तिला एकदा पाच भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकून दाखवलेली असतात.

अंजली भागवत यांची नेमबाजी अशीच एनसीसीतून सुरू झाली आणि सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. तिथवर सगळेच पोचत नाहीत. पण रॅकमधला तो नंबर शोधण्याची ओढ पुढे खेळात टिकून राहिलेल्या प्रत्येकाला ओळखीची असते.

काही वर्षांनी हीच ओढ एका प्रश्नाचे रूप घेते : स्वतःची घ्यायची तर कुठली? मग नावांची यादी सुरू होते. जर्मनीतल्या उल्म गावच्या आन्शुट्झ आणि वाल्थर, ओबर्नडॉर्फची फाइनवेर्कबाऊ, स्वित्झर्लंडची ब्लायकर. सगळ्या उत्तम, सगळ्या महाग. नवी घ्यायची तर रक्कम काही लाखांत जाते. या यादीपासून सुरुवात करणे ही बहुतेकांची पहिली चूक. मुरलेला नेमबाज गोळीपासून सुरुवात करतो, आणि त्याचे कारण .२२च्या काडतुसाच्या घडणीतच आहे.

मोठ्या रायफलीच्या काडतुसात बुडाच्या मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते. .२२चे काडतूस ‘रिमफायर’ जातीचे; त्यात तशी टोपी नाही. पितळेच्या पातळ बुडाला बाहेर आलेली जी पोकळ कड असते, तिच्यातच भडका उडवणारे मिश्रण ओल्या स्थितीत गरगर फिरवून भरतात. फायरिंग पिन ती कड चेपते आणि ठिणगी पडते. फ्रान्सच्या फ्लोबेरने १८४५च्या सुमारास घरातल्या घरात नेम धरण्यासाठी अशी इवलीशी काडतुसे केली. १८५७ साली स्मिथ अँड वेसनने आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी .२२ शॉर्ट आणले आणि १८८७ साली अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल काढले. ऑलिंपिकमध्ये आजही हेच काडतूस चालते.

चेपलेली कड पुन्हा वापरता येत नाही. मोठ्या रायफलीचा नेमबाज घरी बसून दारू तोलतो, गोळी निवडतो आणि आपल्या नळीला मानवेल असे काडतूस स्वतः भरतो. रिमफायरवाल्याला ती सोय नाही. कारखान्यातून जे येईल त्यातूनच त्याला निवडावे लागते. म्हणून या खेळात ‘लॉट’ या शब्दाला एवढा मान आहे. एका खेपेत, त्याच मिश्रणाने, त्याच यंत्रांवर तयार झालेला माल म्हणजे एक लॉट. खोका तोच, नाव तेच, किंमत तीच. पण पुढच्या लॉटची गोळी त्याच नळीतून वेगळी वागते. एकाच कंपनीच्या, पाठोपाठच्या नंबरांच्या दोन नळ्यांनाही एकच लॉट मानवेल असे नाही.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला ईलीच्या आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या काडतूस कारखान्यात नळीला मानवणारा लॉट शोधण्यासाठी खास चाचणीघरे आहेत. नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, दस्ता उतरवतो आणि नळी व यंत्रणा जड शिकंज्यात आवळली जाते. आता माणसाचा श्वास नाही, नाडी नाही, वारा नाही. एकामागून एक लॉट झाडले जातात आणि पडद्यावर ग्रुप उमटत जातात. एका लॉटचा ग्रुप पसरट, दुसऱ्याचा उभा लांबोळा, आणि मग एखाद्या लॉटचे एकच कातरलेले गोल भोक. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. या हिशेबात चारदोन मिलिमीटरचा फरक म्हणजे पदक आणि घरचा रस्ता यांतला फरक. लॉट सापडला की नेमबाज त्याच लॉटची हजारो काडतुसे एकदम विकत घेतो, कारण तो संपला की संपला. पुन्हा बनत नाही.

ज्याला परदेशी चाचणीघर परवडत नाही त्यानेही हे काम करावे. रेंजवर टेकू लावून, वारा पडलेला असताना, मिळतील तेवढे लॉट झाडून पाहावेत. मात्र गोळी बदलल्यावर पहिल्या काही शॉटांवरून निकाल देऊ नये. शिशाच्या गोळीवर मेणचट वंगणाचा थर असतो. त्याचा हात नळीच्या आतून नीट फिरेपर्यंत ग्रुप भटकतो, आणि नुकत्याच साफ केलेल्या नळीचेही तसेच होते.

वेगाचाही एक गैरसमज आहे. जास्त वेगाची गोळी जास्त चांगली, असे नवख्याला वाटते. स्पर्धेची गोळी मुद्दाम संथ ठेवतात, ध्वनीच्या वेगाच्या जरा खाली, सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. ध्वनीपेक्षा वेगाने सुटलेली हलकी .२२ गोळी हवेत फार झपाट्याने वेग गमावते आणि वारा तिला संथ गोळीपेक्षा जास्त ढकलतो. बाजारात मोठ्या अक्षरांत वेग छापलेला खोका म्हणूनच नेमबाजाच्या कामाचा नाही.

गोळीनंतर येतो दस्ता. नळी कितीही गुणी असो, दस्ता अंगाला बसला नाही तर ती रायफल दुसऱ्याचीच राहते. आजच्या मॅच रायफलीत गाल टेकवायचा चीकपीस वर-खाली आणि आडवा सरकतो. खांद्याला लागणारी बटप्लेट लांबते, वळते, खाली उतरते. चाप लिंबाएवढ्या वजनाने सुटेल इतका हलका करता येतो. ही सगळी सोय असते ती हाडांवर रायफल टेकवण्यासाठी. स्नायूंनी उचलून धरलेली रायफल दहाव्या मिनिटाला थरथरू लागते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तिचे वजन आठ किलोपर्यंत असू शकते, आणि आठ किलो स्नायूंवर तोलणे कुणालाच फार वेळ जमत नाही. पालथ्या स्थितीत स्लिंग दंडावर चुकीच्या जागी आवळली तर नाडीचा प्रत्येक ठोका पुढच्या साइटच्या कड्यात उडताना दिसतो. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी याच पालथ्या स्थितीत साठ शॉटांत ६००पैकी ५९७ गुण घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि सुवर्णपदक आणले. साठ गोळ्यांत मिळून तीनच गुण गेले.

एकाच रायफलीकडून तीन वेगळ्या शरीरांची कामे करून घ्यायची तेव्हा खरी परीक्षा होते. थ्री पोझिशनमध्ये आधी गुडघ्यावर, मग पालथे, शेवटी उभे. प्रत्येक स्थितीत मान वेगळी वाकते, खांदा वेगळा येतो, म्हणून चीकपीस आणि बटप्लेटची मापे बदलतात. जाणता नेमबाज ती वहीत लिहून ठेवतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर सहावा होता, पालथ्या टप्प्यानंतर पाचवा, आणि सर्वांत अवघड अशा उभ्या स्थितीत तो तिसऱ्या क्रमांकावर चढला. एकूण ४५१.४ गुण. या प्रकारातले भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले पहिले वैयक्तिक पदकही तेच. उभ्याने झाडताना जॅकेट, कंबर, कोपर आणि दस्ता यांचे सख्य जुळलेले नसेल, तर असा चढ शक्य नाही. ते सख्य वर्षानुवर्षांच्या सरावाने जुळते, दुकानातून आणता येत नाही.

म्हणून जुनी रायफल घेण्यात कमीपणा मानू नये. शिशाची गोळी आणि कमी दाब यांमुळे .२२ची नळी फार हळू झिजते. चांगल्या हातातून आलेली जुनी आन्शुट्झ नव्या, झगमगीत रायफलीइतकीच नेमकी असू शकते. मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. नळीच्या तोंडाची कड शाबूत आहे का? साफसफाईची सळई तोंडाकडून घालणाऱ्यांनी अनेक उत्तम नळ्या बिघडवल्या आहेत. सळई नेहमी मागून, मार्गदर्शक नळीतूनच घालावी. चेंबरच्या काठावर फायरिंग पिनची खूण उमटली आहे का? तशी असेल तर ती रिकाम्या चेंबरवर वारंवार चालवली गेली आहे. आणि चेंबरच्या पुढे, तळाच्या बाजूला, रायफलिंग खरवडलेले आहे का? आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने चौथी काळजीही घ्यावी लागते. कोकणात आणि मुंबईत रेंजवरून आल्यावर नळी आणि बोल्ट पुसून तेलाचा हलका हात न फिरवता रायफल पेटीत ठेवली, तर आठवड्यात गंज बोलू लागतो.

.२२ला परवाना लागतो, त्यामुळे बहुतेकांची पहिली काही वर्षे क्लबच्या सामाईक रायफलीवरच जातात. तो काळ वाया गेला असे समजू नका. त्या उसन्या रायफलीवर पालथे पडा, नेम धरा, डोळे मिटा, तीन श्वास घ्या आणि डोळे उघडा. साइट काळ्या वर्तुळावरून सरकली असेल तर आधी शरीर फिरवा. तरीही सरकत असेल तर दस्ता हलवा, आणि नीट बसलेली मापे वहीत लिहा. तीच मापे घेऊन मग विक्रेत्याकडे जा. नळी पसंत करण्याआधी तीनचार लॉट झाडून पाहू देण्याचा आग्रह धरा. कंपनीचे नाव सर्वांत शेवटी विचारा, आणि जे पैसे वाचतील ते मानवलेल्या लॉटच्या आणखी दोन पेट्यांवर खर्च करा.