सफरचंदाचा स्ट्रूडेल आणि आजींची चौकशी

जैन घरात परदेशी पदार्थाचे नाव निघाले की ज्येष्ठांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात काय काय पडते? नव्या पिढीला या प्रश्नात अनेकदा संशय दिसतो. वास्तविक व्यापारी घराण्यांना चौकशीचे मोल सांगावे लागू नये. उधारी देण्यापूर्वी चौकशी करणाऱ्याला आपण अविश्वासू म्हणत नाही.

जर्मन भाषेत स्ट्रूडेल म्हणजे पाण्यातील भोवरा. सफरचंद भरलेली गुंडाळी कापली असता आतील थर भोवऱ्यासारखे दिसतात. ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया येथे हा पदार्थ घरोघरी होतो. स्ट्रूडेलची सर्वांत जुनी ज्ञात पाककृती १६९६ सालची असून ती व्हिएन्नाच्या ग्रंथालयातील हस्तलिखितात आहे.

जिंतूर येथील एका आडत व्यापाऱ्याची नात जर्मनीत दोन वर्षे शिकून परतली आणि तिने हा पदार्थ करावयाचे ठरविले. आजींचा नियम कडक. अंडे, मद्य, मध वर्ज्य. बेकरीचे काही नाही. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. परदेशात नातीने काय खाल्ले असेल, ही शंका त्यांनी कधी उच्चारली नव्हती. परंतु नात ती ओळखून होती. दोघींच्या बोलण्यात जेवणाचा विषयच टाळला जात असे.

त्या दिवशी आजींनी एकेक जिन्नस विचारून घेतला. "पिठात अंडं असतं का गं?"

"नाही आजी. मैदा, पाणी, तेल, मीठ आणि थोडं व्हिनेगर."

व्हिनेगरच्या जागी लिंबाचा रस आला. रममध्ये भिजवतात ते बेदाणे कोमट पाण्यात भिजले. लोण्याऐवजी साजूक तूप आणि पावाच्या चुऱ्याऐवजी तुपात खमंग भाजलेला रवा घेतला. सफरचंदाला सुटणारा रस शोषून घेणे एवढेच त्या चुऱ्याचे काम. ते रव्याने चोख केले.

पाव किलो चाळलेला मैदा, साधारण १२५ मिलिलिटर कोमट गाळलेले पाणी, दोन मोठे चमचे करडईचे तेल, चमचाभर लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ यांचा मऊ गोळा दहा मिनिटे मळून तासभर झाकून ठेवला. मुरलेले पीठ ताणले तरी आखडत नाही. एक किलो आंबटगोड सफरचंदांच्या पातळ कापांत शंभर ग्रॅम साखर, दालचिनीची पूड व बेदाणे मिसळले.

स्वच्छ धुतलेल्या धोतरावर पारी लाटून हाताच्या पाठीवर ताणताना नातीच्या हातून ती दोनदा फाटली. तेव्हा आजींनी अंगठी काढली, बांगड्या वर सारल्या आणि मुठी पारीखाली घातल्या. माहेरी मांडे करणारे ते हात होते. पारीखालून वर्तमानपत्र वाचता आले पाहिजे, अशी तिकडची कसोटी. आजोबांनी कडेखाली वर्तमानपत्र धरून कापसाचे भाव वाचून दाखविले.

पारीवर तूप, त्यावर रवा आणि सफरचंद पसरून धोतराच्या आधारेच गुंडाळी केली. १९० अंशांवर चाळीस मिनिटांत ती सोनेरी झाली. सूर्यास्ताला अवकाश होता. आजींनी पहिला तुकडा खाल्ला आणि सहज विचारले, "तिथं तू जेवायला काय करायचीस?"

नातीने सांगितले. मुगाची डाळ, भात, दुकानात प्रत्येक पुड्यावरील जर्मन अक्षरे लावत घालवलेले तास, आणि दोन-तीनदा न कळता झालेली चूकही सांगितली. आजींनी शांतपणे ऐकून घेतले.

नियम जपणारी घरे पुष्कळ आहेत. नियमाविषयी मोकळेपणाने विचारता आणि खरे सांगता येईल, असे घर मुलांना लाभले पाहिजे. तसे लाभले तर दूरदेशी गेलेली मुले आपला हिशोब स्वतःहून घरी मांडतात.