सत्तरीतला उत्सव

वाचकहो, घरातील वृद्ध माणसाला 'आता तुम्ही काही करू नका, स्वस्थ बसा' असे आपण किती सहजपणे सांगतो! त्या सांगण्यात माया असते, यात शंका नाही. परंतु त्याच मायेने माणूस आतून कसा खचत जातो, हे डॉक्टर असूनही मला उशिरा उमगले. आणि ते उमगण्यास निमित्त झाले एका दूरदेशीच्या संगीताचे.

आईचे हृदय अशक्त झाल्याचे निदान झाले, त्या वर्षी गौरीचा नैवेद्य बाहेरून मागवावा, असा निर्णय मीच घेतला. पन्नास वर्षे जिने स्वतःच्या हाताने पुरण वाटले, ती आई त्या दिवशी पाहुण्यासारखी पलंगावर बसून राहिली. औषधे योग्य होती, पायांवरची सूज उतरली होती. तरीही पुढे तिचे जेवण कमी झाले, बोलणे आटले. तपासण्यांत नवे काही आढळेना.

त्याच सुमारास माझ्या एका रुग्णाने, मूळच्या गोव्याच्या वयोवृद्ध व्हायोलिनवादकाने, मला एक ध्वनिमुद्रण ऐकावयास दिले: जोसेफ हायडन यांची 'हार्मनीमेसे'. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. तिच्यातील ठरलेल्या प्रार्थनांना येथे एकल गायक, गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठी स्वररूप दिलेले आहे. 'हार्मनी' हा त्या काळी फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या ताफ्यासाठी रूढ असलेला शब्द. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न यांना या रचनेत मोठे स्थान आहे, म्हणून हे नाव.

हायडन १७६१ साली एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत शिरले. गणवेश घालावा, रोज धन्याच्या दालनाबाहेर आज्ञेची वाट पाहावी, अशा अटी त्यांच्या करारात होत्या. उतारवयात, १७९६ ते १८०२ या काळात, त्यांनी सहा मोठ्या मिस्सा रचल्या. त्या मुख्यतः घराण्याच्या सूनबाई मारिया हर्मेनगिल्ड यांच्या नामदिनाच्या वार्षिक उत्सवासाठी. यांतील शेवटची हीच. तेव्हा हायडन सत्तर वर्षांचे होते. ही रचना करताना आपण थकून जात आहोत आणि ती पसंत पडेल की नाही याची धास्ती वाटते, असे त्यांनी धन्याला पत्राने कळवले होते. तरी ८ सप्टेंबर १८०२ रोजी ऑस्ट्रियातील आयझेनश्टाट गावी, टेकडीवरच्या चर्चमध्ये, त्यांनी स्वतः तिचे संचालन केले. नंतरच्या मेजवानीत एकेकाळचा हा गणवेशधारी चाकर धन्याच्या पंगतीला बसला होता, आणि त्याच्या सन्मानार्थ पेले उंचावले गेले.

ही मिस्सा संथपणे सुरू होते. वाद्ये हळुवार वाट चालत असतात आणि अकस्मात सारा गायकवृंद पूर्ण आवाजात उसळतो. शेवटची शांतीची याचनासुद्धा कर्णे आणि नगाऱ्यांच्या गजरात होते. ऐकताना वाटले, या माणसाला कोणी 'स्वस्थ बसा' म्हटले असते तर?

मात्र दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. हायडन एकटे नव्हते. त्यांच्या रचनांच्या प्रती करणारा सेवक योहान एल्सलर अखेरपर्यंत त्यांची देखभाल करीत होता. आणि कोठे थांबावे, हेही हायडन यांनी ओळखले. १८०३ सालची तंतुवाद्यांची चौकडी अपुरी राहिली, तेव्हा शक्ती सरल्याचे सांगणारे आपले भेटपत्र त्यांनी तिच्यासोबत छापू दिले. १८०८ मध्ये व्हिएन्नातील त्यांच्या सन्मानाच्या मैफलीला त्यांना खुर्चीत बसवून नेले. पूर्वार्ध संपताच घरी परत आणले. १८०९ मध्ये ते निवर्तले.

पुढच्या वर्षी गौरी आल्या तेव्हा आईसाठी स्वयंपाकघरात हात असलेली खुर्ची मांडली. पुरण वाटण्याचे कष्ट सुनेने उचलले. गुळाचे प्रमाण, जायफळ आणि शेवटची चव मात्र आईची. पहिल्या दोन पोळ्या तिने बसूनच लाटल्या, मग लाटणे आपण होऊन खाली ठेवले. त्या दिवशी ती पंगतीत सर्वांबरोबर जेवली.

तेव्हा काळजीवाहकांनो, काम काढून घेण्याऐवजी त्याचे वजन कमी करा. उभ्याचे काम बसून करू द्या, मध्ये विसावा ठेवा. बोलताना धाप लागून वाक्य तुटू लागले, छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर काम तत्काळ थांबवा आणि वैद्यकीय मदत घ्या. हृदय अशक्त असेल तर रोज सकाळी वजन नोंदवा; तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढल्यास आपल्या डॉक्टरांना कळवा. आणि ज्येष्ठ वाचकहो, मदत मागण्यात कमीपणा मानू नका, थांबावेसे वाटले तर जरूर थांबा. फक्त ते थांबणे तुमचे स्वतःचे असू द्या.